पोटखराब

गट नंबर दोनशे सतरा, पन्हाळ्याचा उतार.
सातबाऱ्यावर लिहिलंय :
लागवडीयोग्य एक हेक्टर बारा आर,
त्याखाली पोटखराब, एकेचाळीस आर.
आकार निरंक.

हा शब्द मला नोकरीनं शिकवला.
गडहिंग्लजला आईला सांगितला, तर म्हणाली,
जमिनीचं पण पोट बिघडतं होय?
ओवा द्या म्हणावं.

पोटखराब म्हणजे
नांगर जिथं खडकावर वाजतो आणि बैल मागं बघतात,
करवंदीची जाळी, एक ओघळ, दुपारच्या म्हशी,
आणि कुणाचं तरी बाळ पुरलेला दगड,
ज्याला वर्षातून एकदा शेंदूर लागतो.
शंभर वर्षांपूर्वी कुणी साहेब इथवर चढला असेल,
धाप टाकून बघितलं असेल,
आणि सारा माफ केला असेल.

आज मी रोव्हरची काठी रोवून उभी आहे.
वरून अकरा उपग्रह सांगतायत मी कुठं आहे.
शेजारी शिरगावे. पांढरे बूट, आता लाल.
मॅडम, खरा माल हा, वरचा.
खालच्या ऊसाला काय दिसतं? ऊसच.
इथनं जोतिबा समोर, खाली नदी, सकाळी धुकं. व्ह्यू.
त्यांच्या माहितीपत्रकात द्राक्षांचे घड, लाकडी पिंप,
चौदा प्लॉट, प्रत्येकी अकरा वेली मोफत.

द्राक्षं? हितं?
हिंदुराव चौगुले पोट धरून हसतात. जमीन त्यांचीच.
विसार खिशात आहे, नव्या जिन्याला ग्रॅनाइट आलंय.
आमच्यात पाऊस आडवा पडतोय बाई,
चार महिने ढग घरात येऊन बसतो,
पापड वाळत नाही, वेल काय वाळवणार?
मग डोळा मिचकावतात :
द्राक्ष ईना का. पुण्याचा माणूस येतोय की.

ठकू येडगे शेरडं घेऊन आली
आणि प्लॉट नऊच्या कोपऱ्याच्या खुंटीला
गाभण शेळी बांधून निवांत बसली.
बरं झालं खुट्टी मारलासा, म्हणाली.
नमुन्याला लावलेल्या अकरा वेलींपैकी
सात शेळीनं खाल्ल्या.
पंचनाम्यात याला रकाना नाही.

संध्याकाळी कार्यालयात जुनं टिपण उलगडलं.
कागद घडीवर फाटलेला, कसरीनं चाळण केलेला.
धनगरवाड्यापासून झऱ्यापर्यंत
ठिपक्यांची एक रेघ.
वहिवाट.
नऊपासून चौदापर्यंत सगळ्यांच्या पोटातून गेलेली.
आधी वाटलं कसरीचीच भोकं.
भिंगाखाली धरलं. शाई होती.

शिरगावे दुसऱ्या दिवशी नकाशावर वाकले.
आवाज न चढवता म्हणाले,
मॅडम, ही सलग कुठाय? ठिपके आहेत.
दोन ठिपक्यांच्या मधनं भिंत आरामात जाते.

मी त्या रात्री घरी बराच वेळ
डाळ निवडत बसले. निवडायला काही नव्हतं.

मी शूर वगैरे नाही.
माझी बदली चंदगडला होऊ शकते,
तिथंही पोटखराब भरपूर आहे.
फक्त क प्रत काढताना
ठिपके जरा ठळक काढले,
जवळजवळ, मोहरीएवढे,
आणि समासात लिहिलं : जागेवर वाट चालू आहे.
सही. तारीख.

चालू आहे हे खरंय.
गेल्या आठवड्यात तार ओढली त्यांनी, काटेरी, पाच पदरी.
ठकू आता ओघळाकडनं वळसा घालते,
गुडघा धरून, शिव्या देत.
शेरडं तारेखालनं जातात.
झऱ्यावर आधी पोचतात
आणि तिची वाट बघत
चार उरलेल्या वेलींकडं तोंड करून उभी राहतात.