काचेवर माणूस निम्माच उतरतो

सोमवारी साडेपाचला हीटर एकदा खोकतो
आणि मी मातीच्या डब्यावरचं ओलं फडकं बदलते.
फी पाच डॉलर. नसतील तर तीन.
तेही नसतील तर मी पावतीवहीत बारीक रेघ ओढते
आणि हवेचं काहीतरी बोलते,
मॉमी नदी यंदा उशिरा गोठली, वगैरे.

विद्यापीठाची ही सगळ्यात बुटकी इमारत.
पूर्वी इथे दातांचा दवाखाना होता,
भिंतींना अजून लवंगेच्या तेलाचा वास येतो.
मलाच येतो. बाकी कोणाला नाही.

ऑर्व्हिल तकाच सहा सोमवार आला,
सहाही सोमवार कागद कोरा ठेवून गेला.
टोपी मांडीवर, बोटं टोपीच्या कडेवर.
समोर शिकाऊ इमॅन्युएल,
तोही गप्प.
नीट गप्प बसायला शिकायचं तर म्हणे दोन वर्षं लागतात.
माझ्या नवऱ्याला उपजतच येत होतं,
पण त्याची पदवी कोणी दिली नाही.

सातव्या सोमवारी ऑर्व्हिल उठला.
भिंतीतल्या मोठ्या आरशापाशी गेला,
नखाचं टोक काचेला टेकवलं.
नख आणि आरशातलं नख,
मधे फट नव्हती.
"एकतीस वर्षं काचेच्या कारखान्यात काढली," तो म्हणाला,
"मुलामा किती पातळ द्यायचा ते मला विचारा.
पलीकडे माणसं बसलीत. चार?"
"पाच," इमॅन्युएल म्हणाला. "तुम्ही सही केली होती."
"केली होती ना. मी नुसतं काम तपासतोय."

पाचवी मी. स्पीकर खरखरतो म्हणून
मागच्या अंधाऱ्या खोलीत वायर हलवायला आलेले.

त्याने लाल मेणखडू उचलला
आणि आरशातल्या स्वतःभोवती रेघ फिरवली.
डोकं, कान, पडलेला डावा खांदा.
मग मागे सरला. आकृती एवढीशी.
"आरशावर माणूस निम्माच उतरतो," तो म्हणाला,
"मोजून बघा. कितीही लांब उभे राहा, निम्माच."
हे मला साठाव्या वर्षी कळलं.

शेजारी त्याने दुसरी काढायला घेतली.
तिथे आरशात कोणीच नव्हतं,
नुसती खुर्ची, आणि खुर्चीवर टोपी.
तळहात आडवा करून स्वतःच्या कानाशी धरला,
इथवर यायची इल्दिको,
आणि तिथून खाली, न थांबता, आठवणीने.
ती पूर्ण उंचीची झाली.
बापाच्या दुप्पट.
आरसा गुडघ्यांपाशी संपला,
पाय राहिले.

माझ्या बाजूला टॅम्सिन टिपणं सोडून उभी राहिली होती.
ती उंच आहे. तिचं डोकं रेघेबाहेर जात होतं,
आणि ती, तिला कळलंही नसेल,
किंचित वाकली.

त्या वर्षी या शहरात गोळ्यांपायी किती पोरं गेली
ते मोजायचं काम ज्याच्याकडे होतं
तो माणूसही इथेच येतो. गुरुवारी. चिखलाच्या वाट्या करतो.

रात्री मी फवारा आणि फडकं घेऊन उभी राहिले.
काच स्वच्छ ठेवणं माझ्या कामाच्या यादीत आहे, चौथ्या क्रमांकावर.
दिवा बंद केला आणि घरी गेले.

बुधवारी आया-मुलांचा वर्ग.
स्पॅनिशमध्ये एकच कल्ला, गोंद, चकमक.
इत्झेल, वय पाच,
आरशाखालच्या भिंतीवर, जिथे रेघ तुटत होती तिथे,
निळ्या खडूने दोन बूट काढून मोकळी झाली.
आईने धपाटा घातला. मी म्हटलं, राहू दे.

सोमवारी ऑर्व्हिलने ते बूट बघितले.
गुडघे कडकड वाजवत खाली बसला.
बराच वेळ. हीटर दोनदा खोकला.
"नंबर चुकलाय," तो म्हणाला. "तिचा सात होता.
आणि लेस ती कधी बांधायचीच नाही."

मग अंगठा थुंकीने ओला करून
त्याने एका बुटाची गाठ पुसली,
दुसऱ्याची राहू दिली.

जाताना पाच डॉलर दिले.
टोपी टेबलावर विसरला.
मी हाक मारली नाही.