रॉकेलचा वास

मंगळवारी रात्री कुणीतरी आमच्या चर्चच्या पाटीवर
मराठी ओळीला डांबर फासलं.
बुधवारी रात्री दुसऱ्या कुणी कन्नड ओळीला.
गुरुवारी घंटा वाजवायला आलो,
तर खानापुरात प्रथमच
पाटी एका भाषेत बोलत होती.

मी रॉकेल आणलं, जुनं बनियन आणलं.
डांबर निघतं, पण निघायच्या आधी पसरतं.
फासणारा हे बघायला थांबत नाही.

कौलं उतरवलेली, म्हणून
सातची कन्नड उपासना आणि नऊची मराठी
या रविवारी एकत्र, शाळेच्या खोलीत.
ओबेद मास्तर खिडकीशी.
रत्नम्मा दाराशी.
तेरा वर्षांपूर्वी मोर्चात तिच्या दानप्पाच्या
शिलाई दुकानाची काच फुटली,
काचेसोबत एक डोळा गेला.
दगड मास्तरांच्या पोराने मारला
की पोराच्या शेजारच्याने,
दोन कोर्टं झाली, निकाल लागला नाही.
तेव्हापासून मास्तर तिला बघून गल्ली बदलतात.
एवढ्याशा गावात गल्ल्या पुरत नाहीत.

पाळक पन्नासाव्या दिवसावर बोलले:
अग्नीच्या जिभा उतरल्या,
ज्याला त्याला आपल्या बोलीत ऐकू आलं.
चांगलं बोलले.
मला मात्र राहून राहून वाटत होतं,
ती आग माणसांच्या डोक्यावर बसली, पाटीवर नाही.
वरची ओळ कुणाची,
एवढं सांगायचं पवित्र आत्म्याने टाळलं.

मग कळलं, बंद आहे, बेळगावहून पाव आलेला नाही.
पाळक आमच्याकडे बघत राहिले.
रत्नम्माने पिशवी सोडली,
शिदोरीतली जोंधळ्याची रोट्टी काढली,
कालची, कडक, तीळ लावलेली,
आम्ही जिला भाकरी म्हणतो.
पाळकांनी आशीर्वाद मागून ती मोडली.
सरळ रेषेत मोडली नाही.
भाकरीला ती सवयच नाही.
दोनचार तुकडे, बाकी भुगा.

मास्तरांच्या हातात मोठा तुकडा आला.
बराच वेळ धरून बसले.
एकतीस वर्षं व्याकरण शिकवलेला माणूस,
वाक्य जुळेना.
मग उठले, दारापर्यंत गेले,
तुकड्याचा तुकडा करून पुढे धरला,
आणि त्यांना येतं तेवढं कन्नड बोलले:
“ऊटा आतेन्री?”
जेवण झालं का.

रत्नम्मा मराठीत म्हणाली,
“मी विसरलो नाही हां, मास्तर.”
इकडच्या बायका असंच बोलतात.
तुकडा घेतला.
बाकावर थोडी सरकली.
मास्तर बसले नाहीत,
परत खिडकीशी जाऊन उभे राहिले.
मला वाटलं होतं, बसतील.

शेवटी भुगा माझ्याकडे आला.
तळव्याला तीन दिवसांचं रॉकेल मुरलेलं.
हे शरीर आहे, पाळक म्हणाले.
वास घेतला, आणि मानलं.

संध्याकाळी परत पाटीशी गेलो.
डांबराखालून एका अक्षराचं
गोल पोट वर येत होतं.
आपला ठ असेल,
किंवा त्यांचा र.
अंधारात कळेना.
घासत राहिलो.