दुभाषी

कौन्सिलची नोकरी सोडली तेव्हा
मॉरीनने कार्डावर लिहिलं,
आता तूच तुझी साहेब.

साहेब सहाला उठते,
इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप उघडते,
आणि एप्रिलातल्या बिलाचं काय झालं
असं फार गोड इंग्रजीत विचारते. चौथ्यांदा.
साहेबाला ताप आला
तर पगार कापायला पगारच नसतो.

बर्नली, प्रेस्टन, ब्लॅकबर्न.
गाडीत थर्मास, सुटी नाणी, जास्तीचा स्कार्फ.
पहिला तास पूर्ण,
पुढे पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे.

नियम एकच : बोलणाऱ्याचा ‘मी’ तोच माझा मी.
सोमवारी मी घर सोडून आलेली बायको होते,
मंगळवारी टॅक्सीवाला, तिघांचा बाप,
दंड अजिबात मान्य नसलेला.
काल दुपारी मला साखर निघाली.
घरी पोचल्यावर इंजिन बंद करून
जरा बसते,
कुणीच नसल्यासारखी.

हिंदी रोज. गुजराती आठवड्यातून दोनदा.
मराठी यादीत तिसरी,
सहा वर्षांत तिला कुणी बोलावलं नव्हतं.

परवा बोलावलं. ब्लॅकबर्न, खाट अकरा.
इब्राहिम मुकादम, दाभोळकडचे,
जहाजावर भंडारी होते.
डॉक्टरीण फुप्फुसाबद्दल सांगत होती,
मी म्हणत होते, आता मला ऑपरेशन करता येणार नाही,
आणि ते बघत होते माझ्या ओठांकडे,
बातमी दुसऱ्याच कुणाची असावी तसे.
मग म्हणाले,
“तू कुनाची गो?”

नियम एकच म्हटलं ते खोटं.
दुसरा असा : कानावर पडेल ते सगळं पोचवायचं.
मी ते इंग्रजीत नेलं.
जाता जाता त्यातलं गाव सांडलं,
आडनाव सांडलं,
पोचला नुसता मालकीचा प्रश्न.

डॉक्टरीण गोंधळली. घड्याळ बघून म्हणाली,
सांग त्यांना, आमची.

आणि ते मलाच म्हणावं लागलं,
तिच्या वतीने, माझ्या तोंडाने :
आमची.

म्हाताऱ्याने मान हलवली.
एवढं एक तरी नीट लागलं, अशी.

रात्री बिल केलं.
एक तास, पंधरा मिनिटं. पार्किंग तीन पौंड चाळीस.
भाषा : मराठी.
खाली नाव. एरवी दोन शब्दांत उरकते,
आज मधलं, बापाचंही घातलं.
रकाना आखूड पडला.