घाणा वेगळा

एनिडला पक्षी, मला आकाश.
पहिल्याच मंगळवारी अशी वाटणी झाली,
सफकमधल्या आमच्या गारगोटीच्या चर्चमागे,
रॉकेलच्या हीटरभोवती, अंगातले कोट न काढता.
छप्पन्न उशा भरायच्या होत्या, गुडघे टेकायच्या.
मी म्हटलं, माझा टाका सरळ येतो.
तेवढ्यावर भागलं.

तिरपा टाका, त्याला लागून तिरपा टाका,
एक ओळ उतरती, पुढची चढती,
मागून बघावं तर टोपलीची वीण.
अशानं जाळी ओढली जात नाही,
चौकोनाचा चौकोन राहतो.
चौदा वर्षांत किती आकाश झालं
ते लोकरवाल्याला विचारा.

एकदा निळा मध्येच संपला.
नवी लडी आली : नंबर तोच, घाणा वेगळा.
खाडीच्या वर बोटभर
एक रेघ उमटली, उगाच जास्त निळी.
मी उसवायला कात्री घेतली
तर एनिड मान वर न करता म्हणाली,
राहू दे, म्युरिएल. भरती येतेय.

तिचं काम मी चोरून बघायची.
जाळीचे जोडधागे सुईच्या टोकानं फाकवून
एका घराची चार घरं करायची ती,
आणि लोकरीचा एकच पदर घेऊन
त्या चारांत बसवायची चोचीचं टोक,
तुऱ्याचं शेवटचं पीस.
श्वास धरायची. आम्हीही धरायचो.

या फेब्रुवारीत म्हणाली,
मधोमध डाग पडलाय. डॉक्टर म्हणे, वाढणार.
कडा दिसतात, मधलं जातं.
उशी हातभर लांब धरली तिनं :
तुझं आकाश दिसतंय सगळं.
माझी टिटवी कुठाय?

टिटवी होती तिथेच. डोळा तेवढा राहिला होता.

तीन संध्याकाळी गेल्या माझ्या.
दोनदा उसवला. एकदा बोटाचं रक्त
आकाशाला लागलं, थुंकी लावून काढलं.
काळा एक टाका, त्यावर पांढरा अर्धाच,
तोही नको तिथे.

एनिडनं अंगठा फिरवला. कुठे बघतेय ही?
तिरळी झालीय, मी खरं ते सांगितलं.
ती इतकी हसली की चहा सांडला.

डावीकडची तिसरी रांग.
तिथे हार्वे गॅरड बसतो, डुकरं पाळतो,
रविवारीसुद्धा त्याच्या पँटला चिखल असतो.
गुडघे टेकताना आधी तो उशी उलटी करतो.
म्हणतो, पक्ष्यावर कसं टेकायचं.