उभं घोडं

बाविसावं डोकं कापलं आज,
कवळ्या घासायच्या त्याच बारीक चाकानं.
फ्रेंच शिरस्त्राण टिचकीसरशी टेबलाखाली गेलं,
शोधलं नाही.
शहापुरात, खडेबाजाराच्या वरच्या अंगाला
चाळीस वर्षं लोकांचे दात केले मी.
आता दुकान मुलाकडं, अवजारं माझ्याकडं.

घोडदळ येतं पुठ्ठ्याच्या खोक्यातून,
बारा स्वार, बारा घोडे, सांगाड्याला चिकटलेले, राखाडी.
पुण्याची भाची मागवून पाठवते,
वर चिठ्ठी: मामा, डोळे सांभाळा.
कोटाच्या शेपट्या तासायच्या.
पुट्टीची दोन सुतं वळून एकमेकांत पिळायची,
थुंकी लावून डोक्याभोवती दीड वेढा,
झालं पागोटं.
भाल्याला दात सरळ करायची तार.
बुटांचं काय करावं ते अजून सुटलेलं नाही,
निम्मे स्वार बूट घालूनच मराठे झालेत.
लांबून कळत नाही.

रंगाचं काम मात्र घाईचं नव्हे.
आधी पिवळी माती, रात्रभर वाळू द्यायची,
मग तपकिरी तैलरंग, आणि लगेच कापसानं पुसायचा
पाठीवरून, पुठ्ठ्यांवरून, मानेच्या उंचवट्यावरून;
पुसलं तेवढं घोडं उन्हात येतं.
कुमैत, अबलख, सब्जा, मुश्की.
एकच पंचकल्याणी, तो सरदाराला.
डोळा सगळ्यात शेवटी, श्वास धरून.
ज्याचा डोळा चुकतो
तो जन्मभर दचकलेला धावतो.

धावतात सगळेच.
साचे करणाऱ्यांना थांबलेलं घोडं ठाऊक नसावं.
मला आहे.
बाबांचा टांगा स्टेशनाबाहेर लागायचा.
गोव्याची गाडी उशिरा असली की शेवंती
मागचा एक खूर टोकावर टेकवून
वजन दुसऱ्या पायावर टाकून उभी राहायची,
खालचा ओठ सैल.
झोपली का, विचारलं की बाबा म्हणायचे,
नाही रे, एकेक पाय झोपवतीय.

म्हणून एका घोड्याचे पाय मी गुडघ्यात कापले,
आत तार घातली, सांधे पुट्टीनं भरले.
तीन आठवडे गेले.
मान खाली आणताना आयाळ तुटली, पुन्हा केली.
स्वार उतरवला. खोगीर ठेवलं.

रविवारी वडगावातून बाळेश हुक्केरी येतो
यंत्रमाग बंद करून,
चुन्याच्या डबीत फासे.
बोलतो मराठी, हरायला लागला की कानडी.
टेबलटेनिसच्या अर्ध्या फळीवर त्याचे देसाई, माझे पेशव्यांचे,
मधे मार्कंडेय,
त्याच्या मागावरच्या उरल्या निळ्या कापडाची.
त्याचे देसाईही मीच रंगवलेत.
मागं एकदा मला सहा स्वार कमी पडले
तेव्हा त्याच्यातलेच घेतले, निशाणं तेवढी बदलली.
घोड्यांनी काही हरकत घेतली नाही.

"ते का उभं हाय की तिथं?"
राखीव आहे, म्हटलं.
"चार डाव झालं, राखीवच हाय. आण की पुढं."
मी फासे टाकले. दोन आणि एक.
माझी डावी बगल मोडली, पंचकल्याणी पडला,
सरदार आडवा,
हात वर तसाच, अजून हल्ल्याचा हुकूम देत.

चहा आणायला आत गेलो.
आलो तर बाळेश खिडकीबाहेर बघत होता,
रस्त्यात बघण्यासारखं काही नव्हतं,
आणि मार्कंडेय
चार बोटं माझ्या बाजूला सरकलेली,
तिचा काठ
उभ्या घोड्याच्या सैल ओठापाशी.

तुझी पाळी, म्हणाला,
कानडीत,
जिंकत असूनही.