चिठ्ठी

पाच रुपयांची सिरिंज मागितली होती त्यानं.
मी म्हटलं, डॉक्टरची चिठ्ठी आण.

दुकानात तेव्हा खोतांची सून होती, बीपीच्या गोळ्यांसाठी.
तिनं पदर नाकाला लावला.
इर्शादच्या अंगाला बांगड्याचा वास होता, डिझेलचा होता,
बाकी काही नाही.

आठ दिवस समुद्रात, दोन जेटीवर,
हिशेब मालकाकडे, उचल आधीच खाल्लेली.
जाळं ओढून बोटं सुजलेली.
पहिली सुई त्याला कुणी दिली, मला माहीत नाही.
दुसरी मी दिली नाही, एवढं माहीत आहे.

बर्फाच्या कारखान्यामागं तिघं बसत,
इर्शाद, वेंगुर्ल्याचा गुणाजी
आणि तो नेपाळी पोरगा, दिलबहादूर.
खिशात सुई सापडली की हवालदार उचलायचा,
म्हणून तिघांत एकच,
पत्र्याच्या फटीत खोचलेली.
खाऱ्या पाण्यात विसळायची
आणि या हातातून त्या हातात.
बोटीवर एका ताटात जेवणारी माणसं,
सुई तेवढी वेगळी कशाला मानतील?

जिल्ह्याच्या इस्पितळात रांग वेगळी, कागदाचा रंग वेगळा.
कागद घरी पोचायच्या आधी
बातमी साखरीनाट्याच्या जेटीवर.
इर्शादचा पेला आता खिडकीत, एकटा.
गुणाजी गावाला गेला, म्हणे.
दिलबहादूरचं
कुणी विचारतही नाही.

काल खोतांचा गडी आला होता.
आंब्याच्या खोडकिड्याला औषध टोचायचंय, म्हणाला,
डझनभर सिरिंजा द्या.

दिल्या.
वर एक जास्तीची.