वीतभर

मांगुशो सरांनी अंगठा नडगीवर ठेवला
आणि घोट्यापासून वर सरकवत नेला,
शेंगेतले दाणे चाचपावेत तसा.
"इथं? इथं? आणि इथं?"
तिन्ही वेळा मी दात आवळले.
"बोटभर दुखत असेल तर हाड," ते म्हणाले,
"वीतभर दुखत असेल तर वाट बघ."
माझी वीत निघाली.
नशीब म्हणायचं.

चूक माझीच.
कापचोर्वात नवा डांबरी रस्ता झाला
आणि मला तो फार आवडला.
सकाळी तोच, संध्याकाळी तोच.
पोलिसांच्या संघाची निवड महिन्यावर आलेली,
बूट म्बालेच्या बाजारातले,
अर्धे दुसऱ्याच कुणी झिजवलेले,
डावी टाच आतून बशीसारखी खोल.
नडगी कुरकुरायची, मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.
मग एका सकाळी ती ओरडलीच:
मी पळतही नव्हते,
बादली घेऊन उंबरा ओलांडत होते.

आता पहाटे साडेपाचला मी अंथरुणात.
सगळे खिडकीखालून जातात.
दिसत काही नाही, पावलं ऐकू येतात.
साबिला जड, पिठाची पोती टाकल्यासारखा.
तोस्किनचे दोन ठोके आणि एक फरफट.
किसा तर जवळजवळ नाहीच,
मुरमाचा एखादा खडा उडतो तेवढीच.
माझ्या जागी तीच जाणार
हे आधी तिच्या पावलांनी सांगितलं,
सरांनी नंतर.

दूधवाल्या मुसोबोच्या फ्रीजमध्ये
सोड्याच्या बाटलीत माझं पाणी गोठतं.
दहा मिनिटं ती नडगीवर फिरवायची.
फ्रीजचं भाडं म्हणून
त्याच्या मुलीला भागाकार शिकवायचा.
शिकवते.
बाकी उरली की दोघी अडतो.

शाळेच्या पायरीवर टाचा वर, टाचा खाली.
पंधरा. मग पुन्हा पंधरा.
एका पोराला राहवलं नाही:
"ताई, भिंतीपलीकडचं दिसत नाहीये का?"

निवडीच्या दिवशी मी ताडपत्रीवर कॉफी पसरत होते.
दुपारी निरोप आला, किसा चौथी, घेतलं तिला.
मी "छान" म्हणाले.
आणि हातानं बिया सारख्या करत राहिले,
सारख्या झाल्यावरही.

पाचव्या आठवड्यात सर म्हणाले,
"एक मिनिट पळ, एक मिनिट चाल.
गवतावरच. आठ वेळा.
नववी वेळ दिसली तर मी तुला ओळखत नाही."

एक मिनिट!
मोळी घेतलेल्या चेरोपबाईंनी
मला चालताना गाठलं, पळताना सोडलं,
पुन्हा गाठलं.
तिसऱ्यांदा म्हणाल्या, "पोरी, काय ते एकदा ठरव."

मी हसले, पळू लागले,
आणि पहिल्यांदा मला माझी पावलं ऐकू आली.
बारा वर्षं पळतेय, कधी ऐकली नव्हती.
मध्ये श्वास तरी असायचा,
नाहीतर पुढचीची पाठ.
डावं उजव्याहून किंचित उशिरा पडत होतं,
घरात कुणी झोपलंय का
याचा अंदाज घेत दार ढकलावं तसं.

आठवं मिनिट संपलं तेव्हा काहीच दुखत नव्हतं.
निलगिरीपर्यंत पन्नास पावलं उरलेली,
पुढे उतार, वारा पाठीशी,
बघायला एक बांधलेली शेळी.

थांबले.
हे मला येत नव्हतं.
दुखल्यावर थांबायला सगळ्यांनाच येतं.

गवतात बसून अंगठा नडगीवर ठेवला,
सरांसारखा खालून वर नेला.
अजून चार बोटं आहे.
मग चालतच मुसोबोकडे निघाले,
बाटली गोठली असेल,
आणि काल एकशे सत्तावीस भागिले नऊ
अर्ध्यातच राहिलं होतं.